आलम आरा : चांदीच्या भावात गेलेला आवाज

सामान्य ज्ञानाच्या तासाला दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो. भारतातला पहिला बोलपट कोणता? पंचवीस-तीस हात एकदम वर जातात. 'आलम आरा, सन १९३१.' उत्तर बरोबर, पुढचा प्रश्न. गेली दहा-बारा वर्षे मी असेच करत आलो. मागच्या वर्षी मात्र सातवीतल्या एका मुलीने हात खालीच घेतला नाही. म्हणाली, "सर, दाखवा ना ती. मोबाईलवर असेलच."

"नाही बेटा, मोबाईलवर नाही."

"मग कुठे आहे?"

"कुठेच नाही."

वर्ग गप्प झाला. थोड्या वेळाने तीच मुलगी म्हणाली, "मग ती होती हे कशावरून?"

तासाची घंटा झाली म्हणून मी सुटलो. पण प्रश्न घरापर्यंत माझ्यामागे आला. त्याचे उत्तर शोधताना जे वाचले, जे समजले, ते आपल्या वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

आलम म्हणजे जग आणि आरा म्हणजे सजवणारी, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. पण फारसीतल्या ज्या 'आरास्तन'मधून हे 'आरा' आले, त्याच घराण्यातली आपली मराठी 'आरास' आहे. मंडपात आरास करणारा मराठी माणूस आणि मुलीचे नाव आलमआरा ठेवणारे उर्दू घर एकाच शब्दाच्या दोन फांद्यांवर बसलेले असतात. या चित्रपटाची हकीकतही अशीच दोन भाषांच्या मधली आहे.

मुका नायक आणि बोलकी फीत

अर्देशीर इराणी यांचा जन्म पुण्यातला, १८८६ सालचा. मुंबईत त्यांची इम्पिरियल फिल्म कंपनी होती. एक्सेल्सिअर थिएटरात 'शो बोट' हा अमेरिकन बोलपट पाहून त्यांनी ठरवले की आपणही बोलणारे चित्र काढायचे. जोसेफ डेव्हिड यांचे पारशी रंगभूमीवरचे नाटक त्यांनी निवडले. एक राजा, त्याच्या नवबहार आणि दिलबहार या दोन बेगमा, फकिराचे भाकीत, आदिल नावाचा सेनापती, त्याची वनवासात वाढलेली मुलगी आलम आरा आणि तिच्यावर भाळलेला शहजादा अशी ती गोष्ट.

मूकपटाला भाषेची अडचण नव्हती. पडद्यावर अधूनमधून पाटी यायची आणि एकाच पाटीवर दोन-तीन लिप्यांत मजकूर असायचा. ज्याला वाचता येई तो मोठ्याने वाची, बाकीचे ऐकत. बोलपट आला आणि एक भाषा निवडणे भाग पडले. इराणींनी हिंदुस्थानी निवडली, म्हणजे बाजारात, फौजेत आणि नाटक कंपन्यांत सगळ्यांना कळणारी बोली. तिचा मोहरा उर्दूचा होता.

मग एकेकाची परीक्षा सुरू झाली. इम्पिरियलची सर्वांत मोठी तारका सुलोचना, म्हणजे रुबी मायर्स. तिला सफाईने हिंदुस्थानी बोलता येत नव्हते. नायिकेची भूमिका जुबेदाला मिळाली. ही जुबेदा फातमा बेगम यांची मुलगी. फातमा बेगम या भारतातल्या पहिल्या स्त्री दिग्दर्शक. 'बुलबुल-ए-परिस्तान' हा त्यांचा १९२६ सालचा मूकपट, आणि आज तोही पाहायला मिळत नाही. नायकासाठी मेहबूब खान यांचाही विचार झाला होता. पण तेव्हा त्यांचे नाव झालेले नव्हते आणि इराणींना तिकीटबारीवर चालणारे नाव हवे होते. ते होते मास्टर विठ्ठल, मारधाडीच्या मूकपटांचा लाडका मराठी नायक. विठ्ठल यांचा शारदा स्टुडिओशी करार होता, तो मोडून ते इम्पिरियलकडे आले. प्रकरण कोर्टात गेले आणि विठ्ठल यांच्या बाजूने उभे राहिले बॅरिस्टर महंमद अली जिना. दावा विठ्ठल यांनी जिंकला.

कोर्टात जिंकले, पण उर्दू उच्चारांपुढे त्यांची दमछाक झाली. तेव्हा पटकथेतच तोड काढण्यात आली. शहजादा बराच वेळ बेशुद्धीत किंवा गुंगीत दाखवला गेला. देशातल्या पहिल्या बोलपटाचा नायक जवळपास मुका होता! माझ्या वर्गात मराठी मोहल्ल्यातून आलेली मुले 'क़ाफ' आणि 'काफ' यांच्यात अडखळतात तेव्हा मला मास्टर विठ्ठल आठवतात आणि मी छडी जागेवर ठेवतो.

एका फितीवर दोन गोष्टी

हा आवाज मुद्रित कसा झाला? ज्या यंत्रावर झाला त्याचे नाव टॅनार. आज असे यंत्र कुणी वापरत नाही. विल्फर्ड डेमिंग नावाचे अमेरिकन तंत्रज्ञ ते जुळवायला आले होते. त्यांच्याकडून महिनाभरात जेवढे शिकता आले तेवढे शिकून इराणी आणि त्यांचे सहकारी रुस्तम भरुचा यांनी ध्वनिमुद्रणाचे काम स्वतःच केले.

पुढे चित्रपटसृष्टीत चित्र एका फितीवर आणि आवाज दुसऱ्या फितीवर घेण्याची पद्धत रुळली. टॅनारची पद्धत एकेरी होती. कॅमेऱ्यातून जाणाऱ्या एकाच फितीवर चित्रही उमटायचे आणि त्याच्या कडेला आवाजही. मायक्रोफोन आवाजाच्या लहरींचे विजेच्या चढउतारात रूपांतर करी, त्या चढउताराने उजेड कमीजास्त होई आणि तो उजेड फितीच्या कडेवर एक बारीक पट्टी लिहीत जाई. प्रोजेक्टरमध्ये त्याच पट्टीतून उजेड आरपार गेला की उलट क्रिया होऊन पुन्हा आवाज. कागदावर शाईने लिहावे तसा इथे आवाज उजेडाने लिहिला जाई.

यात एक गंमत आहे. चित्र घेताना फीत प्रत्येक चौकटीला क्षणभर थांबावी लागते, नाहीतर चित्र पुसट येते. आवाज लिहिताना मात्र फीत जराही थांबता कामा नये, नाहीतर आवाज तुटतो. म्हणून आवाज लिहिण्याची जागा चित्राच्या जागेपासून सुमारे वीस चौकटी दूर ठेवलेली असे. परिणाम असा की जुबेदाचे ओठ फितीवर एका ठिकाणी आणि तिचा शब्द वीस चौकटी पलीकडे. संकलकाने चित्र कापले की कुणाचा तरी शब्द कापला जायचा. नंतर आवाज बदलण्याची सोय नाही. गाणे आधी मुद्रित करून नंतर ओठ हलवण्याचीही नाही. जे काही व्हायचे ते कॅमेऱ्यासमोर, त्याच क्षणी.

त्यामुळे तबला, हार्मोनियम आणि व्हायोलिन वाजवणारे चौकटीच्या बाहेर दबकून बसत. मायक्रोफोन नटांच्या आसपास लपवलेले असत. स्टुडिओ मुंबईत रेल्वे रुळांच्या शेजारी होता. दिवसा गाड्यांची धडधड, म्हणून काम चाले रात्री एक ते पहाटे चार, गाड्या बंद असताना. मूकपटाचा कॅमेरा हाताने फिरवत, सेकंदाला सोळा-अठरा चौकटी, हात थकला की कमी. आता वेग चोवीस चौकटींवर बांधला गेला, कारण हाताचा वेग बदलला की आवाजही चिरका किंवा घोगरा होतो.

१४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात 'आलम आरा' लागला. गर्दी आवरायला पोलीस बोलवावे लागले. चार आण्यांचे तिकीट काळ्या बाजारात चार-पाच रुपयांना गेले असे सांगतात. चित्रपटात सात गाणी होती. त्यातले पहिले गाणे वझीर महंमद खान यांनी फकिराच्या वेषात गायले. भारतीय पडद्यावरचे ते पहिले गाणे. त्याची ग्रामोफोन तबकडी निघाली नाही. पुढे १९५६ आणि १९७३ साली 'आलम आरा' पुन्हा काढला गेला आणि दोन्ही वेळा फकिराच्या वेषात खानसाहेबच उभे राहिले. पण १९३१ सालचा त्यांचा तो रात्री एक ते चारमधला आवाज फक्त त्या फितीवर होता.

कापसापासून केलेली दारू

आता त्या फितीविषयी. आवाज लिहिणारे टॅनार यंत्र इतिहासजमा झाले, तशी ज्यावर लिहिले ती फीतही इतिहासजमा झाली. तिचे नाव नायट्रेट फिल्म. कापसाच्या तंतूंवर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया केली की सेल्युलोज नायट्रेट तयार होते. त्यात कापूर मिसळून पारदर्शक, लवचिक पट्टी बनवता येते. अमेरिकेत ईस्टमन यांनी १८८९ पासून अशी फिल्म बाजारात आणली आणि तिच्यामुळेच सिनेमा शक्य झाला. पण याच घराण्यातली दुसरी वस्तू म्हणजे बंदुकीची बिनधुराची दारू. नायट्रेट फिल्मला जळायला बाहेरची हवा लागत नाही, प्राणवायू तिच्या अंगातच असतो. एकदा पेटली की पाण्याखालीही जळत राहते. वाळू टाका, कांबळे टाका, विझत नाही.

पेटली नाही तरी ती आपोआप मरते. आधी पिवळी पडते आणि चित्र फिकट होते. मग चिकट होते, वेटोळी एकमेकांना चिकटतात. मग फोड येतात, घाण वास सुटतो आणि शेवटी डब्यात तपकिरी भुकटी उरते. कुजलेले नायट्रेट चाळीस अंशांच्या उष्णतेत फार काळ राहिले तर ठिणगीशिवायही पेटू शकते. विदर्भातल्या, सोलापुरातल्या वाचकांना चाळीस अंश म्हणजे काय ते सांगायला नको. कोडॅकने १९५१ साली ही फिल्म बनवणे थांबवले. त्यानंतर आलेल्या न पेटणाऱ्या फिल्मवर जे चित्रपट उतरवले गेले ते वाचले. जे उतरवले गेले नाहीत ते डब्यात आपल्या मरणाची वाट पाहत राहिले.

नायट्रेटवरच्या चित्रात आणखी एक गोष्ट होती. काळ्यापांढऱ्या फिल्मवरचे चित्र चांदीचे असते. जिथे काळे दिसते तिथे चांदीचे बारीक कण असतात. म्हणजे 'आलम आरा'ची एक प्रत म्हणजे दहा-अकरा हजार फूट फीत आणि तिच्यावर पसरलेली थोडी चांदी. ही चांदी रसायनांनी धुऊन काढता येते.

आगीत की बाजारात?

८ जानेवारी २००३ रोजी पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात, जिथे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाची नायट्रेट रिळे ठेवली होती, तिथे आग लागली. शेकडो जुन्या चित्रपटांची रिळे गेली. त्यानंतर वर्तमानपत्रांतून छापून येऊ लागले की 'आलम आरा'ची शेवटची प्रत त्या आगीत जळाली. आजही अनेक जण हेच सांगतात. मीही वर्गात एकदोनदा सांगितले आहे, आणि ते चूक होते.

पी. के. नायर यांनी ते स्पष्टपणे नाकारले. या माणसाची ओळख शाळेतल्या मुलांना करून द्यायला हवी. १९६४ साली पुण्यात संग्रहालय सुरू झाले आणि पुढच्या वर्षी नायर तिथे रुजू झाले. १९९१ साली निवृत्त होईपर्यंत त्यांनी सुमारे बारा हजार चित्रपट जमवले. कुणाच्या माळ्यावरून, कुणाच्या गोठ्यातून, कुणा भंगारवाल्याकडून. फाळक्यांच्या कुटुंबाकडून 'राजा हरिश्चंद्र' आणि 'कालिया मर्दन'ची रिळे मिळवली ती त्यांनीच. २०१६ साली ते वारले. त्यांनी सांगितले की 'आलम आरा' संग्रहालयाकडे कधी नव्हताच, मग तो आगीत जळेल कसा?

मग तो गेला कुठे? नायर स्वतः इराणींना भेटले होते. म्हातारे इराणी म्हणाले, काही रिळे असतील इथेच कुठेतरी, मुलगा दाखवील. मुलाने नायरांना बाजूला घेऊन सांगितले की चांदी काढण्यासाठी ती रिळे आपणच केव्हाच विकून टाकली, वडिलांना हे ठाऊक नाही. इराणी १९६९ साली वारले.

ही हकीकत वाचून मी बराच वेळ तसाच बसलो होतो. मुलाला दोष देणे सोपे आहे. पण थोडा त्याच्या जागी उभा राहून विचार केला. वर्षानुवर्षे घरात पडलेले, वास मारणारे, केव्हाही पेटू शकणारे डबे. चालवायचे म्हटले तर जुने थिएटर नाही, जुने यंत्र नाही. रंगीत चित्रपट आलेले, या काळ्यापांढऱ्याला विचारतो कोण? आणि भंगारवाला रोख पैसे देतो आहे. तुमच्याआमच्या घरातला कोणता मुलगा वेगळे वागला असता? देशात सुमारे तेराशे मूकपट बने होईतो निघाले. त्यांतले पूर्ण किंवा तुकड्यात आज तीसेकच उरले आहेत. इतक्या सगळ्यांना आग लागली नव्हती. बहुतेक असेच गेले, वजनावर.

याउलट 'आलम आरा'नंतर अकरा महिन्यांनी, फेब्रुवारी १९३२ मध्ये, त्याच मॅजेस्टिक सिनेमात प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' लागला. कोल्हापुरात मराठी आणि हिंदी अशा दोन भाषांत काढलेला हा पहिला मराठी बोलपट. तो आजही पाहता येतो. मराठीचा पहिला बोललेला शब्द शिल्लक आहे, उर्दू-हिंदुस्थानीचा नाही. यात भाषेचे भांडण नाही. दोन्ही फिती एकाच जातीच्या नायट्रेटच्या होत्या. एकीच्या नशिबात वेळेवर नवी प्रत काढणारा कुणीतरी आला, इतकाच फरक.

कधी कधी परक्याच्या घरात आपली वस्तू सापडते. १९१९ साली कलकत्त्यात मादन कंपनीने काढलेल्या 'बिल्वमंगल' या मूकपटाचा अर्ध्या तासाचा तुकडा फ्रान्सच्या चित्रपट संग्रहालयात निघाला आणि २०१६ साली पुण्यात परत आला. तेव्हा 'आलम आरा'चे एखादे रीळ कुठल्या परदेशी तळघरात निघणारच नाही, असे मी म्हणणार नाही. आजवर निघालेले मात्र नाही. मुंबईत अलीकडे बेल अँड हॉवेल कंपनीचे फिल्म छापण्याचे एक जुने यंत्र मिळाले, 'आलम आरा'च्या प्रती याच्यावर काढल्या असे सांगतात. यंत्र लोखंडाचे होते म्हणून उरले. त्यातून जे गेले ते उरले नाही.

आमच्या घरातली फीत

इथवर वाचून कुणी म्हणेल की सर, हा सिनेमावाल्यांचा प्रश्न, आपला काय संबंध? म्हणून घरचीच गोष्ट सांगतो.

आमचे गाव कोकणात. १९८९ साली माझ्या फुफीचा निकाह झाला. कुवेतला असलेले चाचा त्यासाठी मोठा व्हिडिओ कॅमेरा आणि व्हीसीआर घेऊन आले होते. तीन तासांची कॅसेट भरली. त्या लग्नात माझे दादा आहेत. मी तेव्हा वर्षाचा, अम्मीच्या कडेवर. दादा दीड वर्षाने गेले. त्यांचा आवाज मला आठवत नाही, आणि दुसरीकडे कुठेही नाही.

लहानपणी ती कॅसेट ईदला लावली जायची. मग सीडी आली, व्हीसीआर बिघडला, तो दुरुस्त करणारा मुंबईला गेला. कॅसेट लोखंडी पेटीत गेली. २०१६ साली जपानच्या फुनाई कंपनीने व्हीसीआर बनवणे बंद केल्याची बातमी आली. जगात नवा व्हीसीआर बनवणारे तेव्हा तेवढेच उरले होते. मी ती बातमी वाचली आणि पान उलटले.

त्या मुलीच्या प्रश्नानंतर घरी जाऊन मी पेटी उघडली. अर्ध्या इंचाच्या त्या फितीवर चुंबकीय भुकटीचा लेप असतो, चित्र आणि आवाज त्यात. कोकणातल्या पस्तीस पावसाळ्यांत त्या लेपावर पांढरी बुरशी धरली होती. ओळखीच्या एका स्टुडिओवाल्याने "बघूया" म्हणत ती तशीच यंत्रात घातली. कर्र असा आवाज झाला आणि मधली काही हात फीत सुरकुतून तुटली. त्याचा दोष नाही, माझाच. बुरशी धरलेली फीत आधी साफ करून घ्यावी लागते हे मी शोधायला हवे होते. नंतर जाणकार माणसाने जे वाचवता आले ते वाचवले. तीन तासांतले पन्नास मिनिटे. चित्रावर आडवे पट्टे, रंग उडालेले.

वाचकहो, विनंती एवढीच आहे. आपापल्या पेट्या उघडा. व्हिडिओ कॅसेट असेल, दादीच्या आवाजातली टेपची कॅसेट असेल, नाना-नानींच्या फोटोंची निगेटिव्ह असेल, मुशायऱ्याचे किंवा वाझचे रेकॉर्डिंग असेल. कुणाचे, कधीचे ते चिठ्ठीवर लिहून ठेवा. बुरशी दिसली तर घरी यंत्रात घालू नका, जाणकाराकडे न्या. नवी प्रत काढा आणि दोन घरांत दोन ठेवा, एक मोबाईलमध्ये आहे म्हणून निश्चिंत राहू नका. आणि मुलगा वैतागून म्हणाला की हे काढून टाकूया, तर टाकण्याआधी त्यात काय आहे ते त्याला एकदा सांगा. इराणींच्या मुलाला ते कुणी सांगितले होते की नाही, कोण जाणे.

त्या मुलीला मी पुढच्या आठवड्यात उत्तर दिले. 'आलम आरा' होती हे फोटोंवरून, जाहिरातींवरून आणि ज्यांनी पाहिली त्यांच्या सांगण्यावरून कळते. पण त्या फितीवरचा जुबेदाचा आवाज कसा होता ते आता कुणालाच सांगता येणार नाही. तिने वहीत लिहून घेतले.

आमच्या त्या पन्नास मिनिटांत दादा एकदाच येतात. मंडपाच्या दाराशी उभे, पांढरी टोपी, हातात पाण्याचा तांब्या. कुणीतरी पाहुणा निघाला आहे आणि ते त्याला अडवत आहेत. "अरे, जेवल्याबिगर कुठं चाललास?" एवढेच. नंतर पट्टे येतात. आवाज मला वाटला होता त्यापेक्षा पातळ आहे, बराचसा अब्बांसारखा. अब्बांनी तो तुकडा तीन वेळा लावायला सांगितला आणि चौथ्यांदा स्वतः बटण दाबायला शिकले.